पेटी, बांदोनिऑन आणि राहून गेलेली संध्याकाळ

ब्युनोस आयर्सच्या सान तेल्मो या जुन्या वस्तीत एका रात्री आम्ही टँगोचा कार्यक्रम बघायला गेलो होतो. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त साओ पाउलोला असतात. तिथून चार दिवस अर्जेंटिनाला जाऊन आलो, त्यातली ही तिसरी रात्र. दहा वाजून गेले होते. टेबलांवरची जेवणं उरकत आली होती आणि समोरच्या बुटक्या रंगमंचावर चार वादक येऊन बसले. पियानो, व्हायोलिन, उभा डबल बास आणि बांदोनिऑन. हे शेवटचं वाद्य मी प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होते. चौकोनी पेटी, दोन्ही बाजूंना बटणं, मध्ये घड्याघड्यांचा लांब भाता. वादकानं मांडीवर कापड पसरलं, वाद्य त्यावर टेकवलं आणि दोन्ही हातांनी भाता उलगडला. पहिला सूर लागण्याआधी हवेचा एक बारीक सुस्कारा ऐकू आला. तो माझ्या ओळखीचा होता. नगरला आमच्या वाड्यातल्या गणपतीत भजनाला यायची ती पेटीही अशीच आधी श्वास घ्यायची आणि मग गायची.

मग नाच सुरू झाला. एक जोडी आली, छातीला छाती लावून उभी राहिली आणि बराच वेळ काहीच केलं नाही. नुसती उभी. नंतर तिनं एक पाऊल मागे टाकलं, त्यानं ते ऐकल्यासारखं पुढे टाकलं. वर खांदे स्थिर, चेहरे गंभीर, आणि खाली गुडघ्यापासून पावलांपर्यंत नुसती वीज. आमच्या शेजारच्या टेबलावर तिथलीच एक आजी नातवंडांना घेऊन आली होती. सात-आठ वर्षांची नात टाचा उंचावून बघत होती.

मध्यंतरात मुलीनं विचारलं, "आई, तू कधी लावणीच्या बारीला गेली आहेस?"

मी नाही म्हणाले. तिनं पुढे काही विचारलं नाही. पण मी तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. होनाजी, रामजोशी, सगनभाऊ, प्रभाकर सगळे शिकवले. लावणीची लक्षणं फळ्यावर लिहिली. नगरहून जामखेड पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास आहे आणि जामखेडची कलाकेंद्रं साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तिथे मी एकदाही गेले नव्हते. पंधरा हजार किलोमीटर लांब येऊन, तिकीट काढून, नवऱ्याच्या आणि मुलीच्या शेजारी बसून मी टँगो बघत होते आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. हा फरक कुठून आला, ते शोधायचं मी त्या रात्री ठरवलं.

आधी त्या दोन पेट्यांची गोष्ट. बांदोनिऑन जर्मनीतलं. क्रेफेल्ड गावच्या हाइनरिश बांड या वाद्यविक्रेत्याचं नाव त्याला मिळालं, १८४०च्या दशकात. आपली हार्मोनियम फ्रान्समधली. अलेक्सांद्र दबँ यानं १८४२ मध्ये पॅरिसला तिचं पेटंट घेतलं. दोन्हींच्या पोटात एकच करामत आहे. भात्याची हवा धातूच्या पातळ पट्टीवरून जाते, पट्टी थरथरते, सूर निघतो. ज्या लहान चर्चना मोठा ऑर्गन परवडत नसे, तिथे प्रार्थनागीतांना साथ म्हणून अशी वाद्यं वापरली जात. पुढे एक वाद्य बोटीतून ला प्लाता नदीच्या मुखाशी पोचलं आणि टँगोचं झालं. दुसरं हिंदुस्थानात आलं, जमिनीवर बसून एका हातानं भाता मारता येईल असं आटोपशीर झालं, आणि भजनापासून संगीत नाटकापर्यंत सगळीकडे शिरलं. नगरला अमेरिकन मिशनचं काम १८३१ पासूनचं. रेव्हरंड टिळकांची मराठी भजनं इथल्या चर्चमध्ये पेटीवरच गायली जातात. तीच पेटी मारुतीच्या देवळात आणि तीच बारीत. पेटीला सोवळं-ओवळं नव्हतं, ते ऐकणाऱ्यांनी आणलं.

टँगोचा जन्मही काही प्रतिष्ठेत झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्युनोस आयर्स आणि माँतेविदेओ या बंदरांत इटली-स्पेनहून लाखो माणसं पोटासाठी आली. त्यांत बायका कमी, एकटे पुरुष फार. एका खोलीत एक कुटुंब, मध्ये सामाईक अंगण, अशा चाळींत ही माणसं राहिली. गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ताल तिथे आधीपासून होते. या सगळ्यांतून अंगणात, गुत्त्यात आणि वेश्यावस्तीत टँगो घडला. शहरातली खानदानी घरं त्याचं नाव घेत नसत. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पॅरिसला गेला आणि १९१३ पर्यंत तिथे त्याचं वेड लागलं. जर्मन सम्राटाला त्या वर्षी आपल्या अधिकाऱ्यांना गणवेशात टँगो नाचायला मनाई करावी लागली, इतकं. पॅरिसनं कवटाळलेला नाच मायदेशी परतला तेव्हा तीच खानदानी घरं त्याच्यासाठी दारं उघडून उभी होती. पुढे कार्लोस गार्देलनं त्याचं गाणं घरोघरी नेलं. १९३५ मध्ये विमान अपघातात तो गेला, पण त्याचा आवाज त्या शहरात अजून घुमतो. १९५५ नंतर टँगो मागे पडला. १९८३ मध्ये 'तांगो आर्खेंतिनो' हा प्रयोग पॅरिसला झाला, १९८५ मध्ये ब्रॉडवेवर गेला आणि टँगोला पुन्हा बहर आला. २००९ मध्ये युनेस्कोनं अर्जेंटिना आणि उरुग्वे दोघांचा वारसा म्हणून त्याची नोंद केली.

ही हकीकत वाचताना मला सारखा आपला जिल्हा आठवत होता. २०२४ पासून तो अहिल्यानगर झाला, बोलताना तोंडात अजून नगरच येतं. अहिल्याबाईंचा जन्म १७२५चा, जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. आणि शाहीर अनंत फंदी संगमनेरचे, १७४४ ते १८१९ हा त्यांचा काळ. या दोघांची एक आख्यायिका आहे. फंदी महेश्वरला गेले तेव्हा अहिल्याबाईंनी त्यांना तमाशाच्या नादाबद्दल समजावलं, म्हणाल्या की एवढी वाणी देवाच्या कामी लावावी. फंदींनी डफ टाकला आणि कीर्तन धरलं. त्यांचे फटके मराठी घरांत अजून पाठ आहेत.

मी ही आख्यायिका वर्षानुवर्षं सांगत आले, ती एका थोर बाईनं एका गुणी माणसाला सन्मार्गाला लावल्याची गोष्ट म्हणून. आता तिच्यात मला आणखी एक गोष्ट दिसते. फंदींना सोडून जाता आलं, कारण त्यांच्यासाठी दुसरं दार उघडं होतं. ते ब्राह्मण होते, कीर्तनकाराची जागा त्यांना मिळणार होती. संगमनेर तालुक्यातल्याच हिवरगाव पावसाच्या पवळाला असं दार नव्हतं. महार समाजातली ही मुलगी तमाशाच्या फडावर उघडपणे उभी राहिलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. तोवर बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, तिच्यासाठी जात आणि घर सोडून आले. बापूरावांचं काव्य आणि पवळाचा गळा यांनी मुंबई गाजवली. महाडच्या लढ्यासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं आणि बायकांना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारलं, असं सांगतात.

अहिल्याबाई आणि बाबासाहेब या दोघांचं म्हणणं मी बाजूला सारू शकत नाही. विशेषतः बाबासाहेबांचं. कारण तो आक्षेप कलेवर नव्हता. बाईला नाचणं भाग पाडणाऱ्या आणि तिच्या नाचावर इतरांची घरं चालवणाऱ्या व्यवस्थेवर तो होता.

याच जिल्ह्यात पुढे कांताबाई सातारकर झाल्या. पती तुकाराम खेडकरांच्या निधनानंतर खचून न जाता त्यांनी स्वतःचा फड उभा केला, संगमनेर हे आपलं गाव केलं, वगात शिवाजी महाराजांची भूमिका केली. २०२१च्या मे महिन्यात करोनानं त्या गेल्या. गुलाबबाई संगमनेरकरांनी लावणीचं गाणं आणि अदा दोन्ही सांभाळलं. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव दोघींना मिळाला. एवढं सगळं आपल्या अंगणात असताना मी टँगोपाशी थांबले होते.

गेल्या हिवाळ्यात भाऊ, भावजय आणि मी चोंडीला गेलो. नगरहून जामखेडचा रस्ता मोठा गमतीचा आहे. चिचोंडी पाटील सोडलं की पुढे कडा, आष्टी ही बीड जिल्ह्यातली गावं लागतात आणि जामखेडला आपण पुन्हा आपल्याच जिल्ह्यात येतो. चोंडीचं दर्शन करून परतताना दिवस कलला. भावाच्या ओळखीच्या एका ढोलकीवाल्यानं कलाकेंद्रातल्या एका पार्टीशी आधी बोलून ठेवलं होतं. घरची माणसं येणार आहेत, जुनं ऐकायचंय, एवढाच निरोप.

संगीतबारी आणि ढोलकी-फडाचा तमाशा यांत गल्लत होते म्हणून सांगते. फडाचा तमाशा गावोगाव फिरतो, त्यात गण, गवळण, वग असतो, सोंगाड्या असतो. संगीतबारी एका जागी असते. एका थिएटरात अनेक पार्ट्या राहतात, बारी म्हणजे पाळी, आपापल्या पाळीला एकेक पार्टी मंचावर येते. पार्टीची मालकीण बाईच. पेटी, तबला, ढोलकी वाजवणारे पुरुष तिच्याकडे कामाला. मंचावरची खडी लावणी वेगळी आणि आतल्या खोलीतली बैठक वेगळी. आम्ही बैठकीला बसलो.

खोलीत सतरंजी, भिंतीला तक्के, कोपऱ्यात देवाचा फोटो आणि उदबत्ती. पेटीमास्तरांनी भाता सोडला आणि सान तेल्मोतला तो सुस्कारा पुन्हा कानावर आला. आधी दोन तरुण मुलींनी उभ्यानं एक लावणी केली. त्यांच्या पायांतल्या चाळांनी खोली दणाणली, फरशी पायाखाली थरथरते आहे असं वाटलं. मग एक साठीच्या बाई आल्या. नऊवारी, केसांत अबोलीचा गजरा. सगळे त्यांना आक्का म्हणत होते. त्या बसल्या, पदर सारखा केला आणि बसूनच गाऊ लागल्या.

बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, हे मी शिकवत होते. ती का येते, हे मला त्या दिवशी कळलं. ओळीचा अर्थ इतकाच होता की सखा यायचं कबूल करून आला नाही. आक्कांनी ती पहिल्यांदा गायली तेव्हा त्यात राग होता. दुसऱ्यांदा तीच ओळ, पण डोळे दाराकडे, म्हणजे आशा. तिसऱ्यांदा त्यांनी बोटातली अंगठी फिरवली आणि ती आठवण झाली. चौथ्यांदा ओठाच्या कोपऱ्यात हसू, मनातल्या मनात त्याला दिलेली शिक्षा. नऊ-दहा वेळा ओळ आली आणि एकदाही तीच आली नाही. शेवटच्या वेळी त्यांनी ती निम्मीच गायली, उरलेली पेटीवर सोडून दिली आणि हात उघडा मांडीवर ठेवला. त्या उघड्या तळव्यात आता कुणाची वाट नव्हती.

आणखी एक गोष्ट झाली. लावणी समोरच्या पुरुषाला उद्देशून असते, असं आपण धरून चालतो. आक्कांनी सुरुवातीला दोन ओळी माझ्या भावाकडे बघून केल्या. तो संकोचला, मान खाली घातली. त्यांनी तो संकोच ओळखला, अलगद नजर काढून घेतली आणि माझ्याकडे वळल्या. तेवढ्यात लावणी बदलली. शब्द तेच, पण आता ती सखीला सांगितलेली तक्रार झाली. "बघ बाई, असा आहे तो," असं त्यांचे डोळे म्हणत होते. मी नकळत मान डोलावली आणि त्यांनी ती दाद उचलून पुढच्या ओळीत परत दिली. मी प्रेक्षक राहिले नव्हते, गाण्यात सामील झाले होते.

टँगोच्या मैफलींत, म्हणजे जिथे पर्यटकांसाठी खेळ नसतो आणि गावची माणसं आपली आपण नाचतात तिथे, असाच नजरेचा रिवाज आहे. पुरुष लांबून बघतो, किंचित मान हलवतो. बाईला नाचायचं असेल तर ती नजरेनं होकार देते, नसेल तर दुसरीकडे बघते. कुणाचा अपमान होत नाही, कुणी उठून हात धरत नाही. नकार देण्याची सोय त्या रिवाजातच आहे. बैठकीच्या लावणीतही नजरेचं असंच बारीक शास्त्र आहे. फक्त त्यात नकाराची सोय गाणाऱ्या बाईला होती का, या प्रश्नाशी येऊन माझी सगळी तुलना अडते.

किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये आलं. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याच्या या मुलानं डॉक्टर होऊन ते लिहिलं. नाचणाऱ्या मुलीनं लग्न करायचं नाही, तिच्या कमाईवर घरातल्या पुरुषांनी बसून खायचं, तिच्या मुलाला बापाचं नाव नाही, हे त्यात सगळं आहे. टँगो नाचणारी ती गरीब माणसं परदेशातून आलेली होती. पुढच्या पिढीत त्यांची मुलं कारकून झाली, दुकानदार झाली आणि टँगो शहराचा झाला. त्यातही वेश्यावस्तीतल्या बायका आणि आफ्रिकी वंशाचे वादक मागे पडले, हे विसरून चालणार नाही. पण जन्मानं नाच कुणाच्या कपाळी लिहिलेला नव्हता. आपल्याकडे तो जातीनं लिहिला.

म्हणून लावणीला प्रतिष्ठा मिळाली ती अर्धीच. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली, मग दत्तो वामन पोतदारांच्या समितीनंतर अटी घालून ती उठवली. १९५९च्या 'सांगत्ये ऐका'पासून २०१०च्या 'नटरंग'पर्यंत सिनेमानं लावणी घराघरांत आणली. सुलोचना चव्हाणांनी डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी गायली आणि सुशिक्षित घरांतल्या बायकांनी ती मान ताठ ठेवून ऐकली. त्यांचं ऋण मोठं आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. त्याआधी सप्टेंबरात गुलाबबाई संगमनेरकर गेल्या होत्या. माझ्या ओळखीच्या किती घरांत त्या दिवशी त्यांचं नाव निघालं, हे मी आठवून बघते तेव्हा मान खाली जाते. गाणं दिवाणखान्यात आलं आणि ते शतकभर जपणारी बाई दाराबाहेर राहिली.

ती आत आणण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. अकलूजच्या लावणी स्पर्धेनं कुटुंबंच्या कुटुंबं लावणीसमोर बसवली. वाईच्या यमुनाबाईंना १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. भूषण कोरगावकरांनी २०१४ मध्ये 'संगीत बारी' हे पुस्तक लिहिलं. सावित्री मेधातुल यांच्यासोबत त्यांनी त्याचा रंगमंचीय प्रयोग उभा केला, त्यात बारीतल्या कलावंतिणी स्वतःच्या नावानं उभ्या राहिल्या. नावात नगर बाळगणाऱ्या शकुंतलाबाई नगरकरांची अदा अनेकांनी तिथेच पहिल्यांदा पाहिली. हे सारं मोलाचं आहे. पण हे पाहणाऱ्याला बदलतं. शिकणाऱ्याचं काय?

ब्युनोस आयर्समध्ये कुणालाही टँगो शिकता येतो. दंतवैद्य शिकतो, शाळकरी मुलगी शिकते, सत्तरीचा आजोबा शिकतो. त्याच्या घराण्याला कुणी बोल लावत नाही आणि न शिकणाऱ्याच्या घरी चूल विझत नाही. मला वाटतं, प्रतिष्ठा म्हणजे हेच. युनेस्कोची नोंद त्यानंतरची. एखादी कला कुणावर जन्मानं लादलेली नसेल आणि आवडीनं कुणालाही घेता येत असेल, तर तीच तिची प्रतिष्ठा. लावणीच्या बाबतीत आपण उलटं करून ठेवलं आहे. जिच्या घरी ती आहे तिला सोडता येत नाही आणि जिला आवडते तिला शिकता येत नाही. आवडणारी मुलगी टीव्ही बघून पायांच्या हालचाली उचलते, नजर कुठून आणणार? ती आक्कांकडे आहे आणि आक्कांकडे आपण पोरीला पाठवत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. बारीतल्या मुलींसाठी शाळा, वसतिगृह, नोकरी, हवं तर सोडून जायची वाट. आणि त्याच वेळी बारीतल्या जाणत्या बायकांना गुरूची जागा, गुरूचं मानधन. नगर-संगमनेरच्या कॉलेजांत कथक आणि सुगम संगीताचे वर्ग चालू शकतात, तर बैठकीच्या लावणीचा का नाही? मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, शासनाची प्रशिक्षण शिबिरं होतात. पण जिथे कला आहे त्या जिल्ह्यात, जिच्याकडे आहे तिच्या पायाशी बसून शिकायची सोय हवी. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या तरच. मुलींची सुटका केली आणि कला सोडली, तर आक्कांच्या त्या दहा ओळी त्यांच्याबरोबर जातील. कला जपली आणि मुलींना अडकवून ठेवलं, तर बाबासाहेबांनी नाकारलेला तो पैसा आपण खिशात घातला असं होईल.

बैठक संपली. भावानं बिदागी पाकिटातून, दोन्ही हातांनी दिली. चहा आला. शेजारच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून कुणीतरी मोठ्यानं पाठ करत होतं. नात दहावीला आहे, आक्का म्हणाल्या.

"तुम्ही कालेजात मराठीच्या बाई व्हत्या ना? पोरीला व्याकरण जड जातं. समास बिमास."

मी म्हणाले, आणा वही. ती आली, वेण्या घातलेली, थोडी लाजलेली. तत्पुरुष आणि बहुव्रीहीतला फरक अर्ध्या तासात तिच्या गळी उतरला. मग मी आक्कांना विचारलं, ती ओळ मला शिकवाल का? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मी मनापासून विचारतेय की नाही ते बघत असाव्यात.

"आजवर कुनी शिकाया म्हनून आलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "बसा अशा. पाठ सरळ. डावा हात गुडघ्यावर. आन् ओळ संपंस्तोवर नजर सोडायची न्हाई."

पेटीमास्तरांनी पुन्हा भाता उघडला. मला सूर लागला नाही, हात अवघडला, नजर दोनदा खाली गेली. दोन्ही वेळा त्यांनी माझी हनुवटी बोटानं वर केली आणि ओळ पहिल्यापासून धरली. नात दारात उभी राहून बघत होती, हातात व्याकरणाची वही. तिसऱ्या वेळी माझी नजर ओळ संपेपर्यंत टिकली.

आता महिन्यातून एकदा मी जामखेडला जाते. समास संपले, अलंकार चालू आहेत. माझी अजून तीच एक ओळ चालू आहे.